वागळे इस्टेटमधील ‘पार्क अँड सेल’: ट्रायलची जबाबदारी दुकान कितपत पेलते?

जुनी दुचाकी विकून देणाऱ्या दुकानाची पारख तेथे गिऱ्हाइके किती येतात यावरून न करता, ते दुकान आपली गाडी अनोळखी माणसाच्या हाती ट्रायलसाठी कशी देते यावरून करावी, असे माझे मत आहे. गिऱ्हाईक हल्ली मोबाइलवर जाहिरात टाकली की घरबसल्या मिळते. मिळत नाही ती, चावी दिल्यापासून गाडी परत स्टँडवर लागेपर्यंतच्या पंधरा-वीस मिनिटांची जबाबदारी घेणारी व्यक्ती. वागळे इस्टेटमध्ये, रोड नंबर १६ च्या आतल्या बाजूला असलेल्या या दुकानात मी माझी २०२२ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० विक्रीसाठी ठेवली होती आणि ती तेथूनच विकली गेली. त्या अनुभवावरून हे परीक्षण लिहीत आहे.

घरून विक्री न करण्याचे कारण थोडक्यात सांगतो. मी कोलशेत रोडला राहतो. सोसायटीच्या आवारात ट्रायल घेऊ देत नाहीत, आणि फाटकाबाहेर काढलेली गाडी घोडबंदर रोडला लागली की मेट्रोची कामे, अवजड वाहने आणि खड्डे यांतून तिची परीक्षा होण्याऐवजी चालवणाऱ्याचीच होते. शिवाय खरेदीदार सहसा दोघे-तिघे मिळून येतात. एक जण कागदपत्रांविषयी विचारत बसतो, दुसरा ‘एक राउंड मारून येतो’ म्हणून चावी मागतो, आणि आपण एकटे असलो तर दोन्हींकडे लक्ष राहत नाही.

‘पार्क अँड सेल’ची पद्धत अशी की गाडी दुकानात उभी राहते, परंतु विकली जाईपर्यंत मालकी आपलीच असते. विक्री झाल्यावर दुकान ४,००० रुपये घेते आणि पहिल्या महिन्यात जागेचे भाडे आकारत नाही. गाडी ताब्यात घेताना दुकानाच्या मुलाने टाकी, सायलेन्सर, लेगगार्ड, दोन्ही आरसे आणि इंडिकेटर यांचे जवळून फोटो काढले, मीटरवरचा आकडा लिहून घेतला आणि तेच फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले. हे फोटो पुढे किती उपयोगी पडले ते खाली येईलच.

ट्रायलची शिस्त ही या दुकानाची खरी जमेची बाजू आहे. गिऱ्हाईक आले की पहिली मागणी मूळ लायसन्सची होते. ते नुसते पाहून परत देत नाहीत. क्रमांक आणि जन्मतारीख परिवहन विभागाच्या सारथी संकेतस्थळावर घालून ते चालू आहे की नाही हे तपासतात, आणि त्यावर गिअरच्या मोटारसायकलीचा वर्ग आहे की नाही हेही पाहतात. मी तेथे बसलेलो असताना एक तरुण आला होता. त्याच्याकडे विनागिअर स्कूटरचे लायसन्स होते, बोलणे मात्र अगदी सराईताचे होते. दुकानाच्या मिस्त्रीने त्याला गाडी चालू करून दाखवली, मागे बसवून फिरवून आणले, पण हँडल हाती दिले नाही. तो रागावून म्हणाला, “अहो, मी गावाला बुलेटच चालवतो.” त्यावर मिस्त्री शांतपणे म्हणाला, “चालवत असाल दादा, पण इथे पोलिसाने धरलं तर या काकांच्या नावावर पडेल.”

मिस्त्रीचे म्हणणे कायद्याला धरूनच होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५ नुसार, लायसन्स नसलेल्या व्यक्तीला वाहन चालवू न देण्याची जबाबदारी मालकावर किंवा वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर असते, आणि ती मोडली तर कलम १८० खाली तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. चालवणारा अल्पवयीन निघाला तर प्रकरण त्याहून गंभीर होते, कारण २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९ अ मध्ये पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड असून वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. दाढी-मिशा पाहून वय ठरवणाऱ्या विक्रेत्यांनी हे कलम एकदा वाचावे. शिकाऊ लायसन्स असलेल्यालाही हे दुकान ट्रायल देत नाही, हे योग्यच आहे.

लायसन्सची खात्री पटली की मूळ कार्ड काउंटरवर ठेवून घेतात. गिऱ्हाईक ज्या गाडीवरून आले असेल तिची चावीही ठेवतात आणि वर २,००० रुपये अनामत यूपीआयने घेतात, जी ट्रायल संपताच परत जाते. कार्ड काउंटरवर राहिले तर रस्त्यावर दाखवायचे काय, असा प्रश्न मी विचारला होता. त्यावर दुकानाच्या मालकांनी सांगितले की डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील लायसन्स कायद्याने ग्राह्य असते, म्हणून निघण्यापूर्वी गिऱ्हाइकाला ते मोबाइलमध्ये उघडून दाखवायला सांगतात, आणि तशी सोय नसेल तर कार्डाऐवजी दुसरे ओळखपत्र ठेवून घेतात. गाडीच्या नोंदणी पुस्तकाची केवळ छायाप्रत गाडीसोबत जाते, मूळ स्मार्ट कार्ड दुकानाच्या कपाटात राहते. सव्वा-दीड लाखांच्या गाडीपुढे २,००० रुपयांची अनामत म्हणजे काहीच नाही, हे मालकांनाही ठाऊक आहे. त्यांची भिस्त स्वतःच्या गाडीवरून पुढे चालणाऱ्या मुलावर असते. तो रस्ता दाखवतो, गिऱ्हाइकाने त्याला ओलांडून जायचे नाही, असा नियम आहे.

पुढे चालणे हे मागे बसण्यापेक्षा चांगले आहे. क्लासिकचे वजन १९५ किलो आहे, आणि मागे माणूस बसला की गाडी वेगळीच वाटते. खरेदीदाराला ब्रेक, पिकअप आणि समतोल यांचा अंदाज एकट्याने चालवल्याशिवाय नीट येत नाही. मागून पाठलाग करण्यात अर्थ नसतो, कारण पळून जाणारा पुढेच असतो. अर्थात पुढे चालणाऱ्याला आरशातून सतत लक्ष ठेवावे लागते, आणि मुलगा नवखा असेल तर हा सगळा बंदोबस्त कागदावरच राहतो.

ट्रायलचा रस्ता ठरलेला आहे. दुकानातून निघून औद्योगिक वसाहतीच्या आतल्या रस्त्यांवरून रोड नंबर २२ च्या दिशेने, तेथून इंदिरानगरच्या बाजूचा चढ, आणि वळसा घेऊन परत. तीन हात नाका किंवा महामार्ग या फेरीत जाणूनबुजून घेतलेला नाही. या रस्त्यावर गतिरोधक आहेत, थोडा उखडलेला पट्टा आहे, चढावर अर्ध्या क्लचवर थांबून निघावे लागते. गतिरोधकावरून उतरताना हँडलमध्ये ‘टक’ असा आवाज आला तर कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग) सैल आहे, हे कळते. उखडलेल्या पट्ट्यावर पुढच्या शॉकअपचा दम कळतो. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते पण गाडी तेवढी उचलत नाही असे झाले, तर क्लच प्लेट संपत आल्या आहेत असे समजावे. दुकानाने हा मार्ग विचारपूर्वक निवडला असावा, किंवा जवळचा म्हणून निवडला आणि तो योगायोगाने चांगला निघाला असावा. कसेही असले तरी खरेदीदाराच्या दृष्टीने तो सरळ, गुळगुळीत रस्त्यापेक्षा कितीतरी अधिक सांगून जातो.

मात्र एक गोष्ट खरेदीदारांच्या हिताची नाही, आणि विक्रेता असूनही मी ती लिहिणे आवश्यक समजतो. दुकान उघडल्यावर मुले ओळीने सगळ्या गाड्या सेल्फ मारून थोडा वेळ चालू ठेवतात. बॅटरी उतरू नये, हे कारण खरे आहे. पण त्यामुळे दुपारी येणाऱ्या माणसाला थंड इंजिन पहिल्या दाबाला चालू होते की नाही, चालू होताना सायलेन्सरमधून निळसर धूर येतो की नाही, टॅपेटचा (इंजिनातील व्हॉल्व्हचा) आवाज गरम झाल्यावर कमी होतो की तसाच राहतो, हे काहीच कळत नाही. जाणकार गिऱ्हाईक आधी इंजिनच्या आवरणाला हात लावून पाहते. माझ्या गाडीच्या खरेदीदाराने तेच केले आणि “उद्या सकाळी येतो, तोपर्यंत चालू करू नका” असे सांगून तो निघून गेला. माझ्या विनंतीवरून दुकानाने ते पाळले.

आता घडलेल्या एका प्रसंगाविषयी. एका शनिवारी दुपारी ट्रायलला गेलेल्या गृहस्थांनी परतीच्या वळणावर, अगदी कमी वेगात, पुढचा ब्रेक हँडल वळलेले असताना दाबला आणि गाडी उजव्या अंगावर पडली. त्यांना काही लागले नाही. जड गाडीची सवय नसलेल्यांकडून हे नेहमी होते. वेगात गाडी स्वतःला सावरते, यू-टर्न घेताना ती पायावर सावरावी लागते. गाडी दुकानात आली तेव्हा ब्रेकचा लिव्हर बाहेरच्या बाजूला वाकलेला होता, पुढच्या इंडिकेटरची काच फुटली होती, लेगगार्डचा क्रोम रुपयाएवढ्या जागेत खरवडून आतले लोखंड दिसत होते आणि सायलेन्सरच्या टोकाला ओरखडा होता.

येथे ते सुरुवातीचे फोटो कामाला आले. दुकानाने लिव्हर आणि इंडिकेटर त्याच दिवशी बदलून दिले, आणि त्याचे पैसे गिऱ्हाइकाच्या अनामतीतून वळते केले. सायलेन्सरच्या ओरखड्याविषयी मालकांनी प्रथम “तो आधीचाच असेल, साहेब” असा पवित्रा घेतला. मी त्यांच्याच मुलाने पाठवलेला फोटो दाखवला, तेव्हा ते गप्प झाले. लेगगार्ड मात्र बदलून मिळाला नाही, ‘विक्रीच्या वेळी आमच्या रकमेतून ५०० रुपये कमी करू’ एवढ्यावर तोडगा निघाला, आणि तो त्यांनी पाळला. रक्कम किरकोळ होती. मुद्दा असा की दुकानाने माझ्याकडून सही घेतलेल्या कागदावर ट्रायलमध्ये झालेल्या नुकसानीची भरपाई कोण आणि किती करील, याविषयी एक ओळही नव्हती. गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या संमतीपत्रावर ‘नुकसान झाल्यास मी जबाबदार’ असे होते, परंतु ते दुकानाला उद्देशून होते, मला नव्हे.

या दुकानाचा, आणि बहुधा अशा व्यवसायाचाच, सर्वांत कच्चा दुवा विमा हा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. गाडी दुकानात उभी असताना विमा माझ्याच नावावर चालू होता. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, त्यामुळे तो भाग माझ्या गाडीला लागू होता. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मी दरवर्षी नव्याने घेत आलो आहे. ट्रायलमध्ये रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला इजा झाली तर तृतीय पक्ष विमा त्याच्यासाठी आहे. पण गाडी चालवणारे गिऱ्हाईक स्वतः पडून जखमी झाले तर? मालक-चालकासाठी असलेले १५ लाख रुपयांचे सक्तीचे वैयक्तिक अपघात संरक्षण केवळ नोंदणीकृत मालकाला मिळते. मालकाच्या परवानगीने गाडी चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो, असे न्यायालयांनी मानले आहे, त्यामुळे तो तृतीय पक्षातही मोडत नाही. स्वतःच्या चुकीने पडलेल्या गिऱ्हाइकाला माझ्या पॉलिसीतून सहसा काहीच मिळत नाही, आणि हे त्याला चावी देताना कोणी सांगत नाही.

त्याहून महत्त्वाची बाब पॉलिसीच्या ‘वापराच्या मर्यादा’ या मजकुरात आहे, जो बहुतेक जण वाचत नाहीत. खासगी दुचाकीच्या पॉलिसीत भाड्याने देणे, शर्यत, वेगाची चाचणी यांच्याबरोबरच ‘मोटार व्यवसायाशी संबंधित कोणत्याही कारणासाठी’ केलेला वापर वगळलेला असतो. मी स्वतः घरून गाडी विकताना एखाद्याला ट्रायल दिली तर तो व्यवसाय म्हणता येणार नाही. परंतु गाड्या विकणे हाच ज्याचा धंदा आहे अशा दुकानाने तीच ट्रायल दिली, तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते. विक्रेत्यांसाठी मोटर ट्रेड प्रकारच्या स्वतंत्र पॉलिसी असतात. मी मालकांना त्याविषयी विचारले, तेव्हा ‘सगळ्या गाड्यांना त्यांचा त्यांचा विमा असतोच’ असे उत्तर मिळाले. येथेच पाणी मुरते.

गाडी घेऊन कोणी पसार झाला तर काय, हाही प्रश्न याच पोटातला आहे. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते, आणि येथे एक चावी आपणच स्वखुशीने दिलेली असते. म्हणजे ही चोरी, फसवणूक की विश्वासघात, यावरच वाद सुरू होतो. दुसरी चावी दुकानात न ठेवता मी घरीच ठेवली होती, आणि दुकानाने त्याला हरकत घेतली नाही.

दुकानाच्या परवान्याविषयीही लिहायला हवे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर २०२२ मध्ये झालेल्या बदलानुसार, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. मालकाने गाडी अशा विक्रेत्याकडे दिल्याची सूचना परिवहन विभागाच्या पोर्टलवर गेली की तो विक्रेता त्या गाडीचा मानीव (कायद्याने धरलेला) मालक होतो, आणि ताब्यातील गाड्या ट्रायल, प्रदर्शन, दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणू शकतो. प्रत्येक फेरीचे कारण, चालक, वेळ आणि किलोमीटर यांची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणेही त्याला बंधनकारक आहे. गाडी विकणाऱ्या मालकाचा सगळा घोर ज्यात मिटतो, अशी ही तरतूद आहे. मी प्राधिकारपत्र पाहायला मागितले, तेव्हा ‘अर्ज केला आहे, येईल’ असे सांगण्यात आले. पोर्टलवरची सूचना त्यामुळे गेलीच नाही, आणि शेवटपर्यंत कायद्याच्या नजरेत मीच मालक राहिलो. या एका कारणासाठी मी दुकानाला पाचपैकी साडेतीनच गुण देतो, अन्यथा साडेचार दिले असते.

इलेक्ट्रॉनिक नोंद नसली तरी दुकानात जाड पुठ्ठ्याची एक वही आहे, आणि ती नियमाने भरली जाते, हे मी प्रत्यक्ष पाहिले. गाडी ठेवल्यानंतर काही दिवसांनी माझ्या मोबाइलवर सिग्नल तोडल्याच्या ई-चलनाचा संदेश आला. चलन नोंदणीकृत मालकाच्याच नावावर येते. वहीत त्या दिवशी ‘निघाली ११.४०, आली ११.५८’ अशी नोंद होती, पुढे गिऱ्हाइकाचे नाव, लायसन्सचे शेवटचे चार आकडे आणि मीटरचा आकडा होता, आणि चलनावरची वेळ बरोबर त्या दोहोंच्या मध्ये होती. मालकांनी वाद न घालता ५०० रुपये भरले आणि पावती पाठवली. त्यांनी ते गिऱ्हाइकाकडून वसूल केले की नाही, याची मी चौकशी केली नाही.

किरकोळ बाबींत, हेल्मेट दोन आहेत, दोन्हींवर आयएसआयचे चिन्ह आहे, आणि दोन्हींच्या आतल्या अस्तराला जो वास येतो तो सोसण्यापेक्षा गिऱ्हाइकाने स्वतःचे हेल्मेट आणलेले बरे. ट्रायलचे पेट्रोल गाडीमालकाच्या टाकीतले जाते, म्हणून गाडी ठेवताना टाकी भरलेली नसावी, दोन-तीन लिटर पुरेसे आहे. पीयूसीची मुदत संपत आली असेल तर ते काढूनच गाडी द्यावी, कारण ट्रायलवर अडवले तर तो दंड कोणाचा, यावर पुन्हा घोळ होतो.

विक्री ठरल्यावर मालकी हस्तांतराच्या नमुना २९ आणि ३० वर सह्या, खरेदीदाराची ओळखपत्रे आणि पैसे खात्यात जमा झाल्याचा संदेश, हे सगळे दुकानातच एका बैठकीत झाले. खरेदीदार कोपरखैरण्याचे होते, म्हणजे गाडी ठाण्याच्या (एमएच-०४) कार्यालयातून नवी मुंबईच्या कार्यालयाकडे जाणार होती. त्या बदलाचे काम दुकानाचा माणूस करतो, पण त्याचे शुल्क वेगळे आहे, आणि ते आधी सांगितले जात नाही. ‘नावावर करून घेतील, तुम्ही काळजी करू नका’ असेही सांगण्यात आले. या आश्वासनावर विसंबून राहू नये, असा माझा आग्रह आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक, आणि गाडी विकून एका हातातून दुसऱ्या हातात गेली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. मी विक्रीची सूचना परिवहन कार्यालयाला चौदा दिवसांच्या मुदतीत स्वतः दिली आणि ऑनलाइन नोंदीत नाव बदललेले दिसेपर्यंत खरेदीदारांच्या संपर्कात राहिलो.

येथे गाडी ठेवू इच्छिणाऱ्यांनी दुकानमालकांकडून करारावर दोन ओळी हाताने लिहून घ्याव्यात, ट्रायलमधील नुकसानभरपाई दुकान करील आणि वहीतील नोंदीचा फोटो दर ट्रायलनंतर गाडीच्या मालकाला पाठवील. मी मध्येच मागितल्यावर फोटो येऊ लागले, म्हणजे दुकानाला ते अवघड नाही. प्राधिकारपत्र आले आहे का, हेही आधी विचारावे. शुक्रवारी दुकान बंद असते, आणि शनिवार-रविवारी दुपारनंतर इतकी गर्दी असते की पुढे चालायला मुलगा मोकळा नसतो, त्यामुळे त्या वेळेत आपल्या गाडीची ट्रायल देऊ नये, असे सांगून ठेवावे.